नवं औषध की नवी रीत? दोन्ही एकाच टक्केवारीत मोजू नका

औषध कंपन्यांच्या संशोधनाचा विषय निघाला की ठरलेला प्रश्न येतो, 'विक्रीच्या किती टक्के खर्च करतात?' त्या आकड्यावरून कंपनी कल्पक की कंजूष हे ठरवणाऱ्यांचा आता कंटाळा आला आहे. त्यात दोन वेगळी कामं कोंबलेली असतात, नवं औषध शोधणं आणि माहीत असलेलं औषध नव्या रीतीनं बनवणं.

दुसरं काम आपल्याला चांगलं माहीत आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूला नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिलं आणि वेगळ्या वाटेनं तोच रेणू बनवण्यात आपले केमिस्ट तरबेज झाले. त्याला 'नुसती कॉपी' म्हणणाऱ्यांनी एकदा प्लँटमध्ये उभं राहून पाहावं. या दोन कामांना लागणारी वर्षं, पैसा, पदव्या हे फरक किरकोळ आहेत.

खरी गोची ही की रीत सुधारताना कुठे पोचायचंय हे माहीत असतं आणि औषध शोधताना ते माहीत नसतं.

कॉम्बिफ्लॅममधलं आयबुप्रोफेन घ्या. ब्रिटनच्या बूट्स कंपनीची ते बनवण्याची मूळ पद्धत सहा टप्प्यांची होती. वापरलेल्या अणूंपैकी जेमतेम ४० टक्के औषधात उतरायचे, उरलेला कचरा. पेटंटची मुदत संपली, स्पर्धक आले, आणि १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या बिशपला तीन टप्प्यांच्या पद्धतीचा प्लँट सुरू झाला. रासायनिक क्रिया घडवायला ॲल्युमिनियम क्लोराइडऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येणारं हायड्रोजन फ्लोराइड आलं आणि ४० चे ७७ टक्के झाले. इथे खर्चाचा दट्ट्या कामाला येतो. प्रत्येक प्रयोगानंतर उतारा, म्हणजे कच्च्या मालातून हाती येणारं औषध, वाढला की घटला ते कळतं, त्यामुळे साहेबांनी तारीख ठरवून दिली तरी चालतं.

आता हाच रेणू सापडला कसा ते पाहा. नॉटिंगहॅमला बूट्समध्येच स्ट्युअर्ट ॲडम्स १९५३ पासून संधिवातावर ॲस्पिरिनपेक्षा चांगलं काही शोधत होते. ॲस्पिरिन नेमकं कसं काम करतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, ते १९७१ मध्ये उलगडलं. ॲडम्सच्या हाती होती एक चाचणी: गिनीपिगच्या केस काढलेल्या कातडीवर अतिनील किरण सोडायचे आणि औषधानं लाली थांबते का ते बघायचं. जॉन निकोल्सन रेणू बनवायचे, ॲडम्स तपासायचे. असे सहाशेहून जास्त झाले. चाचणीत पास झालेले काही माणसांवर नापास झाले. आयबुफेनॅक तर बाजारात आलं आणि यकृताला अपाय करतं म्हणून मागे घ्यावं लागलं. आयबुप्रोफेन त्याच्यापेक्षा फक्त एका मिथाइल गटानं (एक कार्बन, तीन हायड्रोजन) वेगळं आहे! ते ब्रिटनमध्ये १९६९ ला विक्रीला आलं.

या सोळा वर्षांत तिमाही बैठकीत कुठला उतारा दाखवणार होते? कंपनीनं दिलं ते एवढंच, की अपयशानंतरही तीच माणसं, तीच चाचणी, तोच प्रश्न चालू ठेवला.

म्हणून '२००५ पासून रेणूला पेटंट मिळतं, मग आपल्याकडे नवी औषधं इतकी कमी का?' या प्रश्नाचं उत्तर फक्त कायद्यात शोधू नका. कायदा यशाचं बक्षीस राखून ठेवतो. नापास रेणूंची वर्षं मात्र कंपनीलाच सोसावी लागतात, आणि उतारा मोजण्यात मुरलेल्या साहेबाला ती वाया गेलेली दिसतात. मी कंपनीला टक्केवारी विचारणारच नाही. मागच्या खेपेला ज्यांचा रेणू माणसांवर फसला, ती माणसं आज कुठल्या विभागात आहेत, एवढंच विचारेन.