आतले अग्निहोत्र

योगाने आणि होमाने मन खरेच सावरते का, हे मोजून पाहायला हवे. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची योगक्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. शरीराचे मोजमाप इथून सुरू झाले. मनाचे मोजमाप व्हायला वेळ लागला.

ते काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी हाती घेतले. पतंजलींच्या विचारांवर बेतलेल्या उपचाराचा त्यांचा १९७३चा शोधनिबंध मला या इतिहासात फार मोलाचा वाटतो, कारण त्यात तुलना आहे. रुग्णांच्या एका गटाला आसनांपासून ध्यानापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या दिल्या. दुसऱ्या गटाला दिसायला तशाच हालचाली दिल्या, पण एकाग्रतेचा भाग वगळला. चिंता पहिल्या गटाची जास्त उतरली. या निबंधाचे एक सहलेखक डॉ. दिलीप जेस्ते पुढे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

२००० साली बंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेने तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांवर सुदर्शन क्रिया ही लयबद्ध श्वसनाची पद्धत, इमिप्रामिन हे औषध आणि विजेचे उपचार ताडून पाहिले. चार आठवड्यांत तिन्ही गट सुधारले. विजेचे उपचार सरस ठरले, तर क्रिया औषधाच्या जवळपास राहिली.

अग्नीची गोष्ट याहून जुनी आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात जनक राजा याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, अग्निहोत्राला, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ अग्नीत द्यायच्या आहुतीला, दूध नसेल तर? मग तांदूळ-जव. तेही नसतील तर? प्रश्न पुढे सरकत राहतो आणि उत्तर अखेर श्रद्धेत सत्याची आहुती इथवर पोहोचते. कौषीतकी उपनिषद त्याही पुढे जाते. माणूस बोलतो तेव्हा श्वासाची आहुती वाणीत पडते आणि श्वास घेतो तेव्हा वाणीची श्वासात. याला ते ‘आंतर अग्निहोत्र’ म्हणते. पानावर बसल्यावर ‘प्राणाय स्वाहा’ म्हणणारी घरे आजही हेच करतात. प्राणायाम आणि होम एकाच घरातले आहेत, ते असे.

आधुनिक काळात अक्कलकोटच्या शिवपुरीतून गजानन महाराजांनी अग्निहोत्र सर्वांसाठी खुले केले. तांब्याचे पिरॅमिड-पात्र, गोवऱ्या, गाईचे तूप, अखंड तांदूळ, सूर्योदय आणि सूर्यास्त एवढेच त्याला लागते. १९७०च्या दशकात वसंत परांजपे यांनी ते अमेरिकेत नेले. पण प्रयोगशाळेत अग्नी पोहोचला तो बहुतेक हवा आणि शेतीच्या अंगाने. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचा २००७चा गाजलेला निबंध हवन-सामग्रीच्या धुराने खोलीतल्या हवेतले जिवाणू कमी होण्याविषयी आहे. त्याच्या आधाराने मनःस्वास्थ्याचे दावे केले जातात, ते मला पटत नाही.

होमात धूर, मंत्र, ज्योतीवर खिळलेली नजर आणि नेमाने पहाटे उठणे हे सारे एकत्र येते. नुसत्या नियमित झोपेनेही मन सावरते. दम्याच्या रुग्णाला तर तोच धूर बाधतो. म्हणून वाहियांनी आसनांबाबत केले तेच इथे करायला हवे: एका गटाला अग्निहोत्र, आणि दुसऱ्याला तीच वेळ, तीच बैठक, तेच मंत्र, समोर मात्र साधी समई.