मॉनिटर १४४चा, चालतोय ६०वर
गेमिंग आणि रोजच्या वापरासाठी मॉनिटर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्यात आणि यात काही फरकच जाणवत नाही.” मॉनिटर परत करायला निघालेल्या ग्राहकाचं हे ठरलेलं वाक्य. मॉनिटर बहुतेक वेळा धडधाकट असतो, कॉम्प्युटरच त्याला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, चालवत असतो. म्हणून निवडीचं नंतर, आधी हे वाचा.

मॉनिटर नवा जोडला की विंडोज बऱ्याचदा आपलं ६० धरून बसतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, असं आत जा. दोन मॉनिटर असतील तर वर आधी हवा तो निवडा, नाहीतर बदल भलत्यालाच होतो. ‘चूज अ रिफ्रेश रेट’ या यादीतून १४४ घ्या. स्क्रीन क्षणभर काळी होईल, घाबरू नका. लगेच ‘कीप चेंजेस’ दाबा. काही सेकंदांत दाबलं नाही तर गाडी परत ६०वर.

खात्री करायची तर पांढरं पान उघडून माउसचा पॉइंटर जोरात गोल फिरवा. ६०वर पॉइंटरच्या तुटक प्रतिमा लांबलांब पडलेल्या दिसतात, १४४वर त्या जवळ येतात. नवं चित्र ६०वर दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं आणि १४४वर ६.९ने, एवढाच हिशोब. गेममध्येही फ्रेमची, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांची, मर्यादा ६० लावलेली नाही ना, ते बघून घ्या.

यादीत १४४ दिसतच नसेल तर कॅबिनेटच्या मागे जा. वर यूएसबी आणि ऑडिओच्या शेजारी असतं ते मदरबोर्डचं (मुख्य बोर्डाचं) एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरची केबल लावायचं पोर्ट. त्याच्या खाली आडव्या पट्टीत ओळीने पोर्ट असतात, ती ग्राफिक्स कार्डची, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या कार्डची. केबल खाली लावायची. वर लावली की चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरून येतं आणि एवढं घेतलेलं कार्ड बहुधा नुसतं बसून राहतं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर चित्रच येत नाही. मग “मॉनिटर डेड आला” असा फोन!

दुसरा संशयित म्हणजे जुनी केबल. मॉनिटरच्या बॉक्समध्ये आलेली केबलच वापरा, शक्यतो डिस्प्लेपोर्टची (हा एचडीएमआयसारखाच दुसऱ्या प्रकारचा जोड). काही मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टला १४४ मिळतात आणि एचडीएमआयला कमी, हे माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असतं. डिस्प्लेपोर्टच्या पिनला बहुतेक वेळा खटका असतो. तो दाबूनच केबल काढा, हिसका दिलात तर कार्डाचं पोर्ट सैल होतं. आणि एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे जाणारा साधा कन्व्हर्टर घेऊ नका. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारा चालतो, उलट दिशेने नाही.

तक्रार आली की आम्ही आधी दोन फोटो मागतो: कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानाचा. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण पॅनेल, म्हणजे मॉनिटरची स्क्रीन, काचेसारखं नाजूक असतं आणि विनाकारण ने-आण झाली की चांगला मॉनिटरही वाटेत चिरतो. त्याच कारणाने बॉक्स आणि थर्माकोलचे साचे वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. स्टँड बसवताना मॉनिटर मऊ कापडावर पालथा ठेवा, उचलताना स्क्रीनवर अंगठा दाबू नका.

आता निवड. आम्ही पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा विचारतो, इंचांचा नाही. १०८०पी या रिझोल्यूशनमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख आणि फोरकेमध्ये ८२.९ लाख. पिक्सेल जितके जास्त तितकं कार्डाला काम जास्त. कार्ड मध्यम असेल तर फोरकेवर गेम अडखळणारच, त्याला मॉनिटर काय करणार?

आकार आणि रिझोल्यूशन एकत्र बघा. २४ इंचांवर १०८०पी नीट दिसतं, इंचाला ९२ पिक्सेल. तेच २७ इंचांवर ८२ होतात आणि एक्सेलची अक्षरं कडांना फुटल्यासारखी दिसू लागतात. गेममध्ये ते खपून जातं, दिवसभराच्या कामात खपत नाही. २७ इंचांना १४४०पीच घ्या. दिवसा काम आणि रात्री गेम असलेल्यांना आमचा सल्ला बहुतेक वेळा हाच असतो. नुसतं ऑफिसचं काम असेल तर १४४च्या मागे लागू नका, ७५ किंवा १०० हर्ट्झ भरपूर झाले. वाचलेले पैसे उंची कमी-जास्त होणाऱ्या स्टँडवर घाला, मान दुवा देईल.

पॅनेलच्या प्रकारांत आयपीएस सर्वांना चालतं: रंग चांगले, बाजूने पाहिलं तरी फिके पडत नाहीत. व्हीए या दुसऱ्या प्रकाराचा काळा जास्त गडद. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१. पण व्हीएवर अंधारातलं दृश्य पटकन हललं की मागे धूसर शेपूट ओढली जाते, त्यामुळे शूटिंग गेमवाल्यांनी आधी चालवून बघावं. तिसरा प्रकार ओएलईडी, या सर्वांत वेगवान. मात्र टास्कबार आणि एकच शीट रोज आठ तास उघडी राहणार असेल तर त्यांचे डाग कायमचे उमटण्याचा धोका असतो. अशा ग्राहकाला आम्ही स्वतःहून ओएलईडी सुचवत नाही.

बॉक्सवरच्या ‘१ एमएस’ला (पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) फार भुलू नका. तो आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह (हा बदल जोराने घडवणारी सेटिंग) सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून काढलेला असतो. घरी तीच पायरी लावली की हलत्या वस्तूमागे उजळ कड दिसते, म्हणून मधली ठेवा. ‘एचडीआर ४००’ या शिक्क्याचंही तसंच: उजेड ४०० निट्सपर्यंत (निट्स हे उजेडाचं माप) जातो, पण स्क्रीनचा अंधारा भाग वेगळा मंद करण्याची सोय त्यात बंधनकारक नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणारी सोय) मात्र उपयोगाचं आहे, फक्त ते मॉनिटरच्या मेन्यूत आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे चालू करावं लागतं.

दुकानात २४ आणि २७ इंची शेजारी शेजारी चालू असतात. येताना कार्डाचं नाव लिहून आणा, टेबलाची खोली मोजून आणा आणि रोजची एखादी फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तीच फाइल दोन्हींवर उघडून देऊ.