बंडीच्या चाकाची धाव आणि ४०० फुटांचं छत

"स्लॅब दोन इंच जास्त जाड टाका, जास्त टिकेल." घर बांधणारा प्रत्येक जण ठेकेदाराला हे सांगतोच. परवा नागपुरात एका कॉलेजच्या खेळाच्या हॉलबद्दल बोलणं चाललं होतं, तिथेही हेच ऐकलं. म्हणून लिहायला बसलो.

काँक्रीट दाब झकास सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद जेमतेम दहावा हिस्सा. सपाट स्लॅब मधे वाकतो, खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे सळई घालतात. हॉलमध्ये मधे खांब चालत नाही. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट केला की स्लॅबला वाकवणारा जोर चौपट होतो, आणि जाडी वाढवली की स्लॅबचं स्वतःचंच ओझं वाढतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९६३ मध्ये बास्केटबॉलसाठी असेंब्ली हॉल उघडला. वास्तुकार मॅक्स अब्रामोविट्झ. घुमटाचा व्यास ४०० फूट, आत एकही खांब नाही, आणि काँक्रीटची जाडी चार इंचांच्याही आत! घुमटाला घड्या आहेत. वहीचा कागद एका टोकाला धरला तर लोंबतो, पंख्यासारखा घडी घालून धरा, पेन ठेवलं तरी ताठ राहतो.

पण घुमट खाली बाहेरच्या बाजूला फाकायला बघतो. तो रेटा काठावरचं कडं अडवतं. कड्यातला ताण म्हणजे दर फुटाचा रेटा गुणिले त्रिज्या. रेटा फुटाला एक टन धरला, तर २०० फूट त्रिज्येला ताण २०० टन! काँक्रीट फाटेलच. म्हणून कड्याभोवती पोलादी तार आधीच ताणून गुंडाळली, ६०० मैलांहून जास्त, आपल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गापेक्षा लांब. बंडीच्या चाकाला लोहार धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवतो तेच हे. लाल तापलेली धाव चाकावर चढवायची, वर पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, लोखंड आकसतं आणि लाकडाचे सांधे करकचून आवळले जातात. कडंही असंच आधीच दाबात ठेवलं, की ताण आला तरी तो दाब नुसता कमी होतो.

इतक्या पातळ छताला ओल्या गोणपाटाखाली सावकाश घट्ट होऊ द्यावं लागतं. मुहूर्त गाठायचा म्हणून मे महिन्यात भर दुपारी स्लॅब टाकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. ४५ अंशांत वरचं पाणी उडतं आणि तडे जातात.

घुमटाच्या गोलाईचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, करायला कसबी सुतार लागतात, मजुरी परवडत नाही, म्हणून सगळीकडे टिनाचं शेड उभं राहतं. उन्हाळ्यात त्याखाली पोरं सकाळी सहालाच बॅडमिंटन खेळून घेतात. नऊनंतर रॅकेटची मूठ घामाने हातातून निसटते.