शंभरदा आणि एकशे एकदा

ज्यू डे स्कूलमध्ये तालमूदच्या (ज्यू धर्मनियमांवरच्या प्राचीन वादचर्चांच्या ग्रंथाच्या) तासाला वर्ग शांत असेल, तर काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसलेली असतात. पुढ्यात मोठं पान. मधोमध हिब्रू-अरामी मजकूर, त्याला ना स्वरचिन्हं ना विरामचिन्हं. एका कडेला राशी या ज्यू भाष्यकारांची अकराव्या शतकातली टीका, दुसऱ्या कडेला त्यांच्या नातवंडांच्या पिढीपासून सुरू झालेली टिपणं. एक जण ओळीवर बोट ठेवून ठरावीक सुरात वाचतो आणि अंगठा हवेत फिरवत अर्थ लावतो. जोडीदार लगेच अडवतो, "असं कसं? वरच्या ओळीत तर उलटं म्हटलंय!" या जोडीला ‘हव्रूता’ म्हणतात. दिवसाच्या उरलेल्या वेळात हीच मुलं गणित आणि विज्ञान शिकतात.

शाळा सुटून चाळीस वर्षं झाली, धर्माचरणही मागे पडलं, तरी पान समोर आलं की तोच सूर ओठांवर येतो, असं कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडतं. इतकं खोल काय रुजतं?

१९८४ साली हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञाने शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची परीक्षा घेतली. काहींनी तर पन्नास वर्षांपूर्वी ती भाषा सोडली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच विसरलं गेलं, पण त्यानंतर जे उरलं ते पुढची पंचवीसेक वर्षं जवळजवळ हललंच नाही. कायम गोठलेल्या जमिनीवरून बाहरिक यांनी त्याला ‘पर्मास्टोअर’ असं नाव दिलं. मुळात शिक्षण जितकं पक्कं, तितकं जास्त उरलं.

डे स्कूलमध्ये हा पक्केपणा वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतून येतो. तोरा, म्हणजे ज्यू बायबलची पहिली पाच पुस्तकं, ५४ भागांत विभागलेली आहे आणि सभास्थानात दर वर्षी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. लहानपणी गोष्ट म्हणून ऐकलेला भाग पुढे मुळातून वाचायचा, मग टीकेसह. मधल्या काळात थोडं विसरायला होतं आणि पुन्हा आठवावं लागतं. स्मृतीला बळकटी येते ती या धडपडीतून. "शंभर वेळा उजळणी करणारा आणि एकशे एक वेळा करणारा सारखे नव्हेत," असं तालमूदच म्हणतो.

तालमूदमध्ये पुटपुटत अभ्यास करणाऱ्या एका शिष्याचीही गोष्ट आहे. तीन वर्षांत तो सगळं विसरला. कॅनडातले कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की मोठ्याने वाचलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात. ‘बे एके बे’ सुरात म्हणत वाढलेल्यांना हे पटवून द्यायची गरज नाही.

पण मला हव्रूताचं खरं मोल वाटतं ते प्रश्नांत. जोडीदार विचारतो तेव्हा पानाआड लपता येत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधल्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

सगळं श्रेय शाळेला देणं मात्र चूक ठरेल. या शाळांत येणारी बरीच मुलं शब्बाथ (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या घरांतली असतात, आणि घराचा वाटा किती, शाळेचा किती हे वेगळं काढणं फार अवघड असतं.

घराची ताकद किती असते हे कोकणाने पाहिलं आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपण ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत आलो, ते कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, हिब्रू विसरले होते. त्यांची परंपरा सांगते, की शाळा नाही, पुस्तक नाही, अशा त्या काळातही ‘शेमा इस्राएल’ हे ज्यूंचं श्रद्धावचन तेवढं तोंडी उरलं, कारण प्रत्येक विधीला ते म्हटलं जाई. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली, आणि तिथे मुलांच्या पाटीवर हिब्रू अक्षरं आली.