डिस्चार्जच्या दिवशीची पाच मिनिटं

काकूंना पक्षाघातानंतर बाराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. दुपारचे अडीच वाजले होते. फाइल बिलिंगला अडकलेली, इन्शुरन्सची मंजुरी यायची होती आणि खाली अँब्युलन्सवाल्याचे तीन फोन येऊन गेले होते. त्या धांदलीत सिस्टरांनी काकांना पाच मिनिटांत सगळं सांगितलं. नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी पातळ खाणं द्यायचं, डोक्याकडची बाजू वर ठेवून. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची पिशवी भरू द्यायची नाही. सहा गोळ्या, कुटून पाण्यात कालवून. "समजलं ना काका?" "हो, हो." काकांनी एका कागदावर सही केली. लिफ्टमध्ये स्ट्रेचर घालताना कोणीतरी लघवीची पिशवी काकूंच्या पोटावर ठेवली आणि ती तशीच घरापर्यंत आली.

पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी उलटी आत जाऊ शकते आणि तिच्यासोबत जंतूही. हे सिस्टरांना ठाऊक होतं. काकांना सांगितलंही असेल. पण त्या दुपारी काकांच्या डोक्यात नेमकं काय शिरलं असेल, याचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधून ठेवला आहे. नेदरलँड्समधले संशोधक रॉय केसेल्स यांनी 2003 साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टर-नर्स जे सांगतात त्यातला 40 ते 80 टक्के भाग लोक तिथल्या तिथे विसरतात, आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं आठवतं. वय झालेलं असलं की हे आणखी वाढतं, आणि भीतीनंही. माणूस घाबरलेला असला की मन एकाच गोष्टीला चिकटतं, बाकीचं नुसतं कानावरून जातं.

आता यातली गंमत पाहा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मुलींना नाकातल्या नळीतून खाणं द्यायला शिकवतात तेव्हा कोणी पाच मिनिटांत नुसतं सांगून मोकळं होत नाही. आधी ट्यूटर करून दाखवतात. मग विद्यार्थिनी स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर करते. मग वॉर्डात, कोणीतरी शेजारी उभं असताना, खऱ्या पेशंटवर. याला 'रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन' म्हणतात आणि ते झाल्याशिवाय लॉगबुकात सही मिळत नाही. "समजलं ना?" "हो मॅडम" एवढ्यावर कुठल्याच ट्यूटरनं आजवर सही दिलेली नाही. म्हणजे शिकवायचं कसं हे या व्यवसायाला पक्कं माहीत आहे. फक्त तेच काम घरच्या माणसाकडून रात्रंदिवस करून घ्यायचं असतं तेव्हा ही पद्धत वॉर्डाच्या दाराशीच राहते.

या दरीवर एक साधा उपाय नर्सिंगमध्ये बऱ्याच वर्षांपासून शिकवला जातो. 'टीच-बॅक' हे त्याचं नाव. प्रश्न उलटा करायचा. "समजलं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, कारण 'नाही' म्हणायला माणसाला लाज वाटते. त्याऐवजी सिस्टरनं म्हणायचं, "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. रात्री नऊच्या गोळ्या कशा द्याल ते करून दाखवा." परीक्षा सिस्टरच्या सांगण्याची, काकांची नव्हे. एवढ्या फरकानं माणूस मोकळा होतो आणि चूक वॉर्डातच सापडते.

हे सगळं पटण्यासारखं आहे. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. घरच्या माणसाला शिकवणं हाही एक उपचार मानला तर तो औषधासारखाच तपासून घ्यायला हवा. तसा तो तपासलाही गेला.

लंडनमध्ये ललित कालरा आणि सहकाऱ्यांनी 2004 साली पक्षाघाताच्या 300 रुग्णांवर आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्या कुटुंबांना नेहमीचीच माहिती मिळाली. उरलेल्यांना रुग्णाला उचलणं, बसवणं, भरवणं, त्वचा सांभाळणं हे प्रत्यक्ष हातानं शिकवलं, अर्ध्या-पाऊण तासाच्या तीन ते पाच बैठकांत, आणि नंतर एकदा घरी जाऊन. वर्षभरानं शिकलेल्या कुटुंबांवरचा ताण कमी दिसला, चिंता आणि नैराश्यही कमी. रुग्णांची मनःस्थितीही बरी होती. खर्च सरासरी 13,794 पौंडांऐवजी 10,133 पौंड आला. एवढा चांगला निकाल पाहून कोणालाही वाटेल की आता सगळीकडे हेच सुरू करावं.

ब्रिटननं घाई केली नाही. तोच अभ्यासक्रम 36 स्ट्रोक युनिट्समध्ये, 928 रुग्ण-कुटुंबीय जोड्यांवर पुन्हा तपासला. 2013 साली निकाल आला: काही फरक नाही. ना रुग्णाच्या स्वावलंबनात, ना घरच्यांच्या ओझ्यात. एका ठिकाणी, मनापासून करणाऱ्यांच्या हाती जे चाललं ते रोजच्या वॉर्डाच्या रहाटगाडग्यात विरघळून गेलं. संशोधकांनी आणखी एक शंका मांडली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पक्षाघातानंतरचे पहिले दिवस ही शिकवायची वेळच नसेल कदाचित. ज्या माणसाला अजून आपल्यावर काय कोसळलंय हेच उमगलेलं नाही, त्याला पाठीमागे उशी कशी लावायची हे सांगून काय उपयोग?

भारतातली गोष्ट याहून बोलकी आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट मोजके आणि घरचे हात भरपूर, तेव्हा घरच्यांनाच पुनर्वसन शिकवलं तर? 'अटेंड' नावाच्या चाचणीत देशातल्या 14 हॉस्पिटलांमधले 1250 रुग्ण घेतले. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन त्यातले एक प्रमुख. हॉस्पिटलात प्रशिक्षण सुरू करायचं, दोन महिन्यांपर्यंत घरी जाऊन पुढे चालवायचं. 2017 साली निकाल लागला. सहा महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण शिकवलेल्या गटात 47 टक्के आणि न शिकवलेल्या गटातही 47 टक्के. पुढे 'स्प्रिंट इंडिया' या चाचणीत 31 केंद्रांतल्या 4298 रुग्णांपैकी निम्म्यांना 12 भाषांमधून मोबाइल संदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. दुसरा झटका टळावा हा हेतू. गोळ्या वेळेवर घेण्यात थोडी सुधारणा झाली, पण झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली.

असे निकाल लागले की दोन प्रकारचे लोक खूश होतात. एक म्हणतात, "बघा, शिकवून काही होत नाही." दुसरे आकडे बाजूला ठेवून पुढचं पोस्टर छापायला देतात. मला वाटतं दोघांचंही चुकतं. अटेंडनं एवढंच सांगितलं की घरच्यांना शिकवून अपंगत्व कमी होत नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा सुनेनं किंवा मुलानं भरून काढायची, तीही नोकरी सांभाळून, ही अपेक्षाच अवाजवी होती. आणि 'न शिकवलेल्या' गटातली कुटुंबं काही हातावर हात ठेवून बसली नव्हती. आपल्याकडे आजाऱ्याचे हातपाय चोळायला, त्याला धरून चालवायला कोणाच्या परवानगीची वाट कधी पाहिली जाते? मेंदूतली इजा भरून काढणं हे एक, आणि पाठीला जखम न होऊ देणं, ठसका टाळणं, वेळेवर धोका ओळखणं हे दुसरं. नर्सिंगचं खरं बळ या दुसऱ्यात आहे.

पाठीच्या जखमांचंच घ्या, ज्यांना वॉर्डात सगळे बेडसोअर म्हणतात. एकेकाळी ब्रिटनमधल्या वॉर्डांत त्यावर तऱ्हेतऱ्हेची मलमं आणि लेप लावत. डोरीन नॉर्टन नावाच्या नर्सनं सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला आणि 1962 साली मांडला. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हालचाल, चालणं-फिरणं आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज 14 किंवा कमी आली की धोका. जखम टाळते ती कूस बदलणं, म्हणजे दाब हलवणं; डबीतलं मलम नव्हे. साठ वर्षं होऊन गेली, तरी आपल्या घराघरांत पाठीला स्पिरिट आणि पावडर चोळणं चालूच आहे. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते आणि हाडावरची त्वचा जोरानं चोळली तर उलट इजाच होते. कूस बदलायची म्हणजे नेमकं काय, हे काकूंच्या घरी एका अनुभवी सिस्टरनं दाखवलं तेव्हा मला कळलं. पूर्ण कुशीवर वळवायचं नाही, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवायचं. उशी पोटरीखाली घ्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. "टाच आणि गादीच्या मधून तुमचा हात आरपार गेला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि काकांचा हात तिथून फिरवून घेतला. एक वाक्य आणि एक हात. हे कुठल्याही माहितीपत्रकात बसत नाही.

मग चालतं काय? या प्रश्नाचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर फिलाडेल्फियातून आलं. मेरी नेलर या नर्स-संशोधिकेनं दोन हॉस्पिटलांतल्या 65 वर्षांवरच्या 363 रुग्णांवर चाचणी केली, 1999 साली. जास्त शिकलेली एक अनुभवी नर्स रुग्णाला वॉर्डातच भेटायची, डिस्चार्जनंतर 48 तासांत घरी जायची आणि आठवड्याचे सातही दिवस फोनवर असायची. 24 आठवड्यांत पुन्हा भरती व्हावं लागलेले रुग्ण नेहमीच्या गटात 37.1 टक्के, या गटात 20.3 टक्के. लंडन आणि लुधियानाच्या चाचण्यांशी याची थेट तुलना होत नाही. रुग्ण वेगळे, देश वेगळा, मोजमापही वेगळं. पण एक गोष्ट नजरेत भरते. इथे शिकवणं डिस्चार्जपाशी संपलं नाही. प्रश्न पडला तेव्हा उत्तर देणारं ओळखीचं माणूस होतं, आणि घरी आल्याशिवाय खरे प्रश्न पडतच नाहीत.

आपल्याकडच्या नर्सिंग संशोधनाबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे: काळजीवाहकांची प्रश्नावली, मग 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम', मग आठवडाभरानं तीच प्रश्नावली. गुण वाढतात. ते वाढणारच, पेपर तोच आहे! बरोबरीला न शिकवलेला गट अनेकदा नसतो आणि तीन महिन्यांनी पेशंटच्या पाठीचं काय झालं हे कोणी बघत नाही. 47 टक्के विरुद्ध 47 टक्के असा निकाल देणाऱ्या चाचणीतून मी या शंभर यशोगाथांपेक्षा जास्त शिकलो.

आणि काळजी घेणाऱ्याचं काय? रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी अमेरिकेत 66 ते 96 वयाच्या जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. जोडीदाराची सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचं प्रमाण सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त निघालं. हा ताण मोजायला 22 प्रश्नांची झरिट प्रश्नावली आहे आणि ती भरून घ्यायला चहा पिण्याइतका वेळ लागतो. काकांचं वय 74. बारा दिवसांत त्यांचं स्वतःचं बीपी कोणी तपासलं नव्हतं. नर्सिंग ब्युरोकडून दिवसपाळीला येणारी बाई संध्याकाळी आठला जायची, रात्रीच्या सगळ्या कुशी काकांच्याच.

तिसऱ्या रात्री काकूंनी नळी ओढली. अर्धी बाहेर आलेली. काकांनी डिस्चार्ज कार्डामागे पेननं लिहिलेला वॉर्डाचा नंबर फिरवला. नाइटच्या सिस्टर म्हणाल्या, "आत ढकलू नका. खाणं बंद ठेवा आणि घेऊन या." सकाळी नवी नळी बसली. सिस्टर पुन्हा सगळं सांगायला लागल्या, तेव्हा काकांनी त्यांना थांबवलं. "तुम्ही नका सांगू. मी करतो, तुम्ही बघा." त्यांनी पलंगाचं डोकं वर केलं, नळीवरची खूण नाकपुडीशी जुळते का पाहिलं, सिरिंज लावली, पेज ओतली आणि दट्ट्या हातात घेतला. सिस्टरांनी त्यांचा हात धरला. दट्ट्या बाजूला ठेवला, नुसती सिरिंज वीतभर वर धरायला लावली. पेज आपली आपण खाली उतरू लागली.