पोतंभर पाचोळा

होळीच्या आसपास आमच्या गल्लीतला पिंपळ पानं गाळतो आणि सकाळी ती कडेला ढीग करून पेटवली जातात. धूर बाधतोच, पण मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच कारणानं. घरी खत करणाऱ्यांची बादली ज्या एका गोष्टीवाचून नासते, तीच तिथे जळत असते.

माझी पहिली बादली अशीच नासली. भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा रोज नेमानं टाकत होते. आठवडाभरात तळाशी काळं पाणी साचलं आणि गॅलरीत उभं राहवेना.

कचरा कुजवणारे जिवाणू कर्बावर जगतात. तीच त्यांची भाकरी. शरीर बांधायला त्यांना नत्रही लागतं, पण कितीतरी कमी. त्यांच्या शरीरात एका भाग नत्राला साधारण 8 भाग कर्ब असतो. शिवाय त्याच्या दुप्पट कर्ब ते जगण्यासाठी जाळतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणून खताच्या ढिगात कर्ब आणि नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असलं की काम झपाट्यानं होतं. भाजीच्या ओल्या कचऱ्यात ते 15 ते 20 च्या घरात असतं, वाळलेल्या पानांत 40 च्या बरंच वर. नुसता ओला कचरा टाकला की जादा नत्र अमोनिया होऊन उडतं आणि नाकाला झोंबतं. त्यातच भाजीपाल्यात बहुतेक पाणीच. ते फटी भरून टाकतं, हवा कोंडते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू सडका वास सोडतात. वाळलेलं पान कर्ब पुरवतं, पाणी शोषतं आणि हवेला वाटही ठेवतं.

ओंजळभर ओल्या कचऱ्यावर दोन ओंजळी चुरलेला पाचोळा, एवढंच करायचं. मूठभर मिश्रण पिळलं तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. आंबट ताक शिंपडायची पद्धत आहे. माझ्या मते जुन्या खताची एक मूठ पुरते, जिवाणू तिच्यातच असतात. वर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, पानातलं चिवट लिग्निन तीच फोडते.

मोठा ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. घरच्या बादलीत ही ऊब टिकत नाही, म्हणून खताला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

अडचण एकच. स्वयंपाकघरातला कचरा रोजचा, पानगळ मात्र वर्षातून एकदा. तेव्हा माघ ते चैत्र पाचोळा गोळा करून कोरड्या जागी पोत्यांत भरून ठेवावा. त्याची खरी किंमत पावसाळ्यात कळते, जेव्हा वाळकं पान शोधूनही सापडत नाही.

खत तयार झालं की त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. दोन्हीकडे तो जिओस्मिन नावाच्या एकाच द्रव्याचा. ॲक्टिनोमायसिट गटातले जिवाणू ते बनवतात. तरी कुंडीत घालायची घाई नको. अर्धकच्च्या खतातले जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. मी वाटीभर खतात मेथीचे दहा-बारा दाणे पेरते. चार-पाच दिवसांत बहुतेक सगळे हिरवेगार वर आले, तरच ते खत टोमॅटोच्या कुंडीत जातं.