फटाका कुणाच्या हातात द्यायचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

27 जून 1931. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं स्पेन्सर हे छोटं शहर. तिथल्या एका औषधांच्या दुकानात फटाके विक्रीला मांडून ठेवले होते. एका मुलाच्या हातातली पेटती फुलबाजी त्या ढिगात पडली. बघता बघता दुकान पेटलं, आग शेजारच्या इमारतींना लागली आणि बाजारपेठेचा मोठा भाग जळून गेला. पुढच्या काही वर्षांत आयोवानं लोकांना फटाके विकण्यावर बंदी घातली. ती जवळपास ऐंशी वर्षं टिकली आणि 2017 मध्ये उठली.

सामान्य माणसाला फटाके विकत घेऊ द्यावेत का, हा वाद आज धूर आणि आवाज यांच्याभोवती फिरतो. पण वाद त्याहून कितीतरी जुना आहे. त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी टोचते: नियम बहुतेक वेळा आधी झाले नाहीत, कुठेतरी राख झाल्यावर झाले.

सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण, म्हणजे फटाक्याची स्फोटक दारू, साधारण नवव्या शतकात चीनमधल्या किमयागारांच्या हाती लागलं. त्याचं लेखी प्रमाण 1044 मधल्या एका चिनी लष्करी ग्रंथात सापडतं. तिथून ही दारू युरोपात पोचली, आणि शोभेचं दारूकाम बराच काळ राजदरबाराचं वैभव म्हणून मिरवलं. दारू उडवणारे लष्करातले तोफखान्याचे लोक असत आणि प्रजेनं फक्त बघायचं असे. पण मिश्रण अवघड नव्हतं. कागदाची नळी, चिमूटभर दारू आणि वात एवढ्यावर फटाका होतो. तो दरबारात कोंडून राहणं शक्यच नव्हतं.

लंडनच्या रस्त्यांवर लोक फटाके एकमेकांच्या अंगावर, खिडक्यांतून घरांत फेकू लागले. 1697 च्या कायद्यानं इंग्लंडनं फटाके बनवणं, विकणं आणि उडवणं, तिन्ही गुन्हे ठरवले. लोकांच्या हातातून फटाका पूर्ण काढून घेण्याचा हा प्रयत्न कागदावर दीडशेहून अधिक वर्षं जिवंत होता. याच काळात, 1749 मध्ये, लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ सरकारी खर्चानं प्रचंड आतषबाजी झाली. संगीतकार हँडलचं संगीत त्यासाठीच रचलेलं होतं. त्या रात्री लाकडी मंडपाचा एक भागही पेटला. राजाला जे शोभतं ते प्रजेला गुन्हा, हे लोकांना पटणं कठीण होतं.

आणि ते पटलं नाहीच. मागणी होती, म्हणून फटाके बनत राहिले. पण बेकायदा असल्यामुळे ते दाट वस्तीतल्या राहत्या घरांत बनले. एकाच खोलीत चूल, दिवा आणि उघडी दारू. कुणी तपासणीस येणार नव्हता, कारण तपासायला कायद्याच्या लेखी तिथे काही नव्हतंच. 1858 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर रोडवरच्या फटाक्यांच्या कारखान्यांत स्फोट झाले, माणसं मेली, रस्त्यावरचे शेकडो जण जखमी झाले. दोन वर्षांत जुनी बंदी गेली आणि 1860 च्या कायद्यानं परवाना घेऊन फटाके बनवायला वाट दिली. बंदीनं जे साधलं नाही त्याची सुरुवात परवान्यानं झाली, हे या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे असं मला वाटतं.

पुढचं पाऊलही स्फोटानंतरच पडलं. ऑक्टोबर 1874 मध्ये लंडनच्या रीजंट्स कालव्यात दारू वाहून नेणारी नाव उडाली. त्यानंतर आलेल्या 1875 च्या स्फोटक कायद्यामागे व्हिव्हियन मजेंडी या लष्करी अधिकाऱ्याची मेहनत होती. या कायद्याच्या लेखी कारखाना म्हणजे एक मोठी इमारत नव्हे, अंतर ठेवून उभ्या केलेल्या छोट्या खोल्या. एका खोलीत मोजकी माणसं आणि मोजकी दारू. एक खोली उडाली तरी बाकीच्या वाचाव्यात, एवढा साधा विचार. भारताचा 1884 चा स्फोटक कायदा याच घराण्यातला.

एकोणिसाव्या शतकानं फटाक्याला रंग दिले. पोटॅशियम क्लोरेट मिळाल्यावर स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा असे झळझळीत रंग जमले. पण हे क्लोरेट गंधकाबरोबर आलं की मिश्रण इतकं नाजूक होतं की नुसत्या घासण्यानं, ठोक्यानं पेटू शकतं. वात लावायचीही गरज नाही. ते खलात घोटणाऱ्या कामगाराच्या हाताखालीच भडकतं. ब्रिटननं 1894 मध्ये ही जोडी फटाक्यांत वापरायला मनाई केली. ग्राहकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला कागदावरचं चित्र दिसतं. म्हणून फटाका विकत घ्यावा की नाही हा फक्त ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. विकत घेणाऱ्याआधी तो बनवणाऱ्याचा जीव पणाला लागलेला असतो.

अमेरिकेत वाद पेटवला तो डॉक्टरांनी. दर 4 जुलैनंतर, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनानंतर, दवाखाने जखमी मुलांनी भरत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकानं 1903 पासून देशभरची मोजदाद छापायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी 466 मृत्यू नोंदले गेले आणि त्यातले 406 धनुर्वातानं. खेळण्यातल्या पिस्तुलाच्या खोट्या काडतुसाचा बोळा तळहातात घुसायचा, जखम बाहेरून लहान दिसायची, आईबाप पट्टी बांधून गप्प बसायचे. काही दिवसांनी मुलाचा जबडा आवळला जायचा. या आकड्यांनी आणि ‘सुरक्षित आणि शहाणा चार जुलै’ या चळवळीनं अनेक शहरांना भाग पाडलं. क्लीव्हलँडमध्ये 1908 साली एका दुकानातल्या फटाक्यांना आग लागून माणसं गेली आणि त्याच वर्षी शहरानं विक्री बंद केली. मोजदाद सुरू झाली आणि वादाचा सूरच बदलला, याचं मला फार मोल वाटतं. तोवर ‘एखाद्या मुलाचं नशीब’ म्हणून सोडून दिलं जायचं.

पुढे तिथल्या केंद्र सरकारनं वेगळा मार्ग धरला. 1966 मध्ये मोठे बॉम्ब सामान्य विक्रीतून गेले आणि 1976 मध्ये जमिनीवर फुटणाऱ्या फटाक्यात जास्तीत जास्त 50 मिलिग्रॅम दारू, अशी मर्यादा आली. 50 मिलिग्रॅम म्हणजे नखाच्या टोकावर मावेल एवढी पूड. हातात फुटला तर भाजेल, पण बोटं उडवण्याची ताकद मोठ्या बॉम्बसारखी नाही. बाकी निर्णय राज्यांवर सोडला. आज मॅसॅच्युसेट्समध्ये फुलबाजीसुद्धा विकत घेता येत नाही, तर इतर अनेक राज्यांत आकाशात फुटणारे बाणही मिळतात.

आशियात सिंगापूरनं 1970 मध्ये जीवितहानी झाल्यावर निर्बंध आणले, 1972 मध्ये पूर्ण बंदी केली आणि ती टिकवली. बीजिंगला ते जमलं नाही. 1993 ची बंदी लोकांनी इतकी मोडली की 2005 मध्ये ती सैल करावी लागली, आणि 2018 मध्ये शहराच्या मोठ्या भागात पुन्हा लागू झाली. तोवर कारणही बदललं होतं. आगीची आणि जखमांची भीती होतीच, आता हवा हे मोठं कारण झालं. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशाचा गाभा हवाच होता: कमी धुराचे फटाके, ठरावीक वेळ, बेरियमच्या क्षारांना मनाई.

मग सगळं दारूकाम प्रशिक्षित हातांतच द्यावं का? 1770 मध्ये पॅरिसला राजपुत्राच्या लग्नाची आतषबाजी सरकारी देखरेखीखालीच झाली होती. त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत शंभराहून अधिक माणसं मेली. आणि 13 मे 2000 रोजी नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात जे उडालं ते व्यावसायिक आतषबाजीच्या मालाचं गोदाम होतं, भर वस्तीतलं. 23 जण गेले, त्यात चार अग्निशामक जवान होते. साडेनऊशेच्या आसपास जखमी झाले आणि रोम्बेक हा भाग भुईसपाट झाला. तिथे कुणी सण साजरा करत नव्हतं. माल नुसता ठेवलेला होता.

युरोपीय संघानं 2007 मध्ये फटाक्यांचे चार वर्ग केले: पहिला घरातही चालेल असा, शेवटचा फक्त तज्ज्ञांसाठी. वयाची किमान अट पहिल्याला 12, दुसऱ्याला 16, तिसऱ्याला 18. मला ही वाट सगळ्यात पटते, कारण ती ‘फटाका’ या एका शब्दाखाली फुलबाजी आणि बॉम्ब एकत्र कोंबत नाही. पण तिचंही बळ अंमलबजावणीत आहे. एका देशात बंद झालेला बाण शेजारच्या देशातून गाडीच्या डिकीत सहज येतो.

नेदरलँड्सनं एन्स्खेडेनंतरही सामान्य लोकांना वर्षअखेरचे तीन दिवस विक्री चालू ठेवली होती. 2020 मध्ये बाण आणि मोठ्या आवाजाचे फटाके वगळले. दर नववर्षाच्या रात्री डोळे गमावणारे लोक, पोलिसांवर आणि रुग्णवाहिकांवर फेकले जाणारे फटाके यांवर वर्षानुवर्षं चर्चा झाली. अखेर 2025 मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी लोकांना फटाके विकण्यावरची बंदी मंजूर केली. त्यातून सूट मिळाली ती पहिल्या वर्गाला, म्हणजे फुलबाज्या आणि तसल्याच किरकोळ वस्तूंना.